सहा दिवस, पाच सामने आणि एकही गुण न देणारा संघ: सवानी १८९९

डोंगरमाथा

पानगळ सुरू झाली की इथल्या अमेरिकावासी मंडळींचं अलाबामा, जॉर्जिया, मिशिगन सुरू होतं. चालू द्या. पण अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये मला सर्वांत जास्त वेड लावलेला हंगाम आहे १८९९ चा, आणि तो ज्या कॉलेजाचा आहे त्याचं नाव आज कुठल्याही क्रमवारीत दिसत नाही.

टेनेसीत कंबरलँड पठारावर सवानी नावाचं छोटं गाव आहे. तिथलं कॉलेज म्हणजे ‘युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ’. एपिस्कोपल चर्चच्या बिशपांनी १८५७ साली स्थापलं, पण मध्ये यादवी युद्ध झालं आणि पहिला वर्ग भरला तो थेट १८६८ साली, नऊ विद्यार्थ्यांचा. डोंगरावरचं, आडबाजूचं, धार्मिक वळणाचं कॉलेज. अशा ठिकाणच्या पोरांनी १८९९ मध्ये बारा सामने खेळून बाराही जिंकले. गुण केले ३२२, दिले १०.

त्यातही लोकांच्या तोंडी असते ती नोव्हेंबरमधली मोहीम. गुरुवार, ९ नोव्हेंबर: ऑस्टिनमध्ये टेक्सासला १२-०. शुक्रवारी ह्यूस्टनला टेक्सास ए अँड एमला १०-०. शनिवारी न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेनला २३-०. रविवारी सुट्टी, कारण चर्चचं कॉलेज, रविवारी खेळणं शक्यच नाही. सोमवारी बॅटन रूजला एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) ३४-०. मंगळवारी मेम्फिसमध्ये ओले मिसला (मिसिसिपी विद्यापीठ) १२-०. सहा दिवसांत पाच सामने, सगळे परक्या मैदानांवर, आणि पाचांत मिळून समोरच्यांना एक गुण नाही. जाऊन-येऊन सुमारे २५०० मैल, म्हणजे चार हजार किलोमीटर रेल्वेप्रवास.

हे सगळं कशापायी? पराक्रमाची हौस वगैरे नंतर. मूळ कारण पैसा. नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट हे सवानीचं सख्खं शेजारी आणि हाडवैरी. दरवर्षी त्या सामन्याच्या तिकिटांवर संघाचा खर्च निघायचा. पण गल्ल्याच्या वाटणीवरून बिनसलं आणि त्या वर्षी सामनाच ठरला नाही. संघाचा मॅनेजर होता ल्यूक ली, वय वर्षं वीस, स्वतः विद्यार्थी. त्याने सरळ हिशेब मांडला: दूरच्या मोठ्या गावांत जायचं, एकेका फेरीत जितके सामने बसतील तितके बसवायचे, म्हणजे प्रवासखर्च एकदाच आणि तिकिटांचा वाटा पाचदा. पाच कॉलेजांशी तारा, पत्रं, अटी, तारखा हे सगळं त्या पोराने जमवलं. माझ्या मते या हंगामाचा पहिला खेळाडू तोच, आणि तो मैदानात उतरलाच नाही.

संघाचा कप्तान हेन्री साइबल्स, त्याला सगळे ‘डिडी’ म्हणायचे. फुलबॅक आणि किक मारणारा ऑर्मंड सिमकिन्स. प्रशिक्षक बिली सूटर, प्रिन्स्टनमध्ये खेळून आलेला. टेक्सासच्या सामन्यात साइबल्सचं डोकं फुटलं होतं, तरी तो बाहेर गेला नाही.

दंतकथाही भरपूर आहेत. निघताना सगळ्यांच्या बुटांची पोती स्टेशनवरच राहिली आणि लीने तार करून ती मागच्या गाडीने मागवली, असं सांगतात. परगावचं पाणी बाधू नये म्हणून गावच्या ट्रेमलेट झऱ्याचं पाणी पिंपांत भरून बरोबर नेलं, असंही सांगतात. बुटांचं खरं असेल. वीस वर्षांच्या पोरांची सहल म्हटल्यावर काहीतरी राहणारच.

तर सांगा, तुमच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा हंगाम आहे की निव्वळ जुन्या काळची गंमत?

गोदाकाठ

झकास धागा. वाचनखूण साठवली आहे.
एक शंका. यांच्या गुणांचं गणित मला कळेना. आता टचडाउनला सहा आणि वरचा एक ना? मग दहा, तेवीस, चौतीस हे कसे?

डोंगरमाथा

@गोदाकाठ, तेव्हा टचडाउनला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला की, पाच गुण होते, त्यानंतरच्या किकला एक आणि मैदानी गोललाही (चालू खेळात खांबांमधून मारलेली किक) पाचच. म्हणजे ए अँड एमविरुद्धचे १० म्हणजे दोन टचडाउन आणि दोन्ही किका हुकलेल्या. टेक्सासविरुद्ध १२ म्हणजे दोन्ही किका बसल्या.

आणि ती किक आजच्यासारखी समोरून नव्हती. चेंडू जिथे टेकवला त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची, रग्बीत अजून आहे तसं. कोपऱ्यात टचडाउन केलं तर गोलचे खांब पार तिरके दिसायचे. त्यामुळे खेळाडू टचडाउन करतानाही चेंडू मध्याकडे रेटायचा प्रयत्न करायचे.

बाकी खेळही निराळाच. पुढे पास टाकायला परवानगी नाही, ती आली १९०६ मध्ये. तीन प्रयत्नांत पाच यार्ड सरकायचं. म्हणजे घोळक्याने घुसायचं, पाडायचं, उठायचं, परत घुसायचं. हेल्मेट सक्तीचं नाही, बरेच जण डोक्याला मार लागू नये म्हणून केस वाढवायचे. पस्तीस मिनिटांचा एक अर्धा, आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू परत आत नाही. म्हणून जखमी माणूसही उभा राहायचा.

तिरकस

धाग्याचा आनंद घेतला. आता थोडं मीठ टाकतो.

३२२-१० ऐकायला छान वाटतं, पण यातले विरोधक कोण होते ते बघा. टुलेनने त्या वर्षी एकही सामना जिंकला नव्हता. एलएसयू तेव्हा आजचं एलएसयू नव्हतं, दक्षिणेतली बरीच कॉलेजं नुकतीच हा खेळ शिकत होती. कंबरलँड कॉलेजला ७१-० हरवलं, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियनला ५४-०. हे सामने कशाला मोजायचे? खरा खेळ तेव्हा ईशान्येला, येल-हार्वर्ड-प्रिन्स्टनमध्ये. त्यांच्यापैकी कोणाशी सवानी भिडली का? नाही. मग ‘सर्वांत मोठा’ वगैरे म्हणताना जरा हात आखडता घ्यावा.

शिवाय सामन्यांची लांबी. तेव्हा दोन्ही कप्तान आपसांत ठरवून अर्धा लहान करायचे, अंधार पडला की थांबायचे. सत्तर मिनिटांचे पाच सामने असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका.

वऱ्हाडी ठेचा

तिरकसराव, तुमाले सहा दिवस रेल्वेत बसून नुसतं मेम्फिसले जाऊन दाखवा म्हटलं तरी पाठ धरन. 😄

टेनेसीकर

तिरकस यांचं ईशान्येबद्दलचं म्हणणं मान्य. पण ‘विरोधक कच्चे’ हे सरसकट नाही. टेक्सास त्या वर्षी एकूण दोनच सामने हरलं, त्यातला एक हा. आणि तो सामना मोहिमेतला पहिला होता, म्हणजे दोन दिवस गाडीत काढून उतरल्यावर.

कंबरलँडवरून आठवलं. याच कॉलेजाला १९१६ मध्ये जॉर्जिया टेकने २२२-० हरवलं. त्यापुढे सवानीचे ७१ म्हणजे सौजन्यच. 😀 आणि त्या जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक जॉन हाइजमन, ज्याच्या नावाने आज हाइजमन ट्रॉफी देतात, तो १८९९ मध्ये ऑबर्नला होता. सवानीविरुद्ध अख्ख्या हंगामात ज्या एकाच संघाने गुण केले, तो हा संघ.

मला वाटतं धागाकर्त्याने त्या सामन्यावर लिहायला हवं होतं. सगळे ती पाच गावांची फेरीच गातात.

डोंगरमाथा

@टेनेसीकर, अगदी मनातलं बोललात. तो सामना स्वतंत्र प्रतिसादासाठी राखून ठेवला होता.

३० नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार, अलाबामातलं माँटगोमेरी. निकाल ११-१०. दोन्हीकडे दोन-दोन टचडाउन, फरक फक्त एका किकचा. वर सांगितलेली तिरकी किक. बारा विजयांचा अख्खा डोलारा त्या एका लाथेवर उभा आहे.

हाइजमनचा संघ वेगासाठी प्रसिद्ध होता. एक डाव संपला की समोरचे उठून रांगेत उभे राहायच्या आत दुसरा सुरू. दमलेल्या संघाला हे जीवघेणं. सवानीने आधीच्या दहा सामन्यांत एकही गुण दिला नव्हता. इथे पहिल्यांदाच त्यांची रांग फुटली, आणि एकदा नाही, दोनदा. सामन्यानंतर हाइजमनने वर्तमानपत्रात पत्र लिहून पंचगिरीवर जाहीर टीका केली. त्याचं म्हणणं, आम्हाला पंचांनी हरवलं. पूर्ण खोटं असेल असंही मला वाटत नाही. त्या काळी पंच बहुधा कोणाच्या तरी ओळखीतलेच असायचे.

आणि मग दोनच दिवसांनी, शनिवारी २ डिसेंबरला, अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाशी सामना. ५-०. एवढ्या घासून झालेल्या गुरुवारनंतर शनिवारी परत कोरी पाटी राखली. तिरकसराव, टुलेन-एलएसयू हवं तर वजा करा. टेक्सास, ऑबर्न आणि नॉर्थ कॅरोलायना एवढे तीन ठेवा. माझ्या लेखी हंगाम तेवढ्यावरही उभा राहतो.

तिरकस

तीन ठेवले. ‘दक्षिणेतला सर्वांत मोठा’ इतपत देतो. पुढचं नाही.

रूळावरची

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण रेल्वे आली की मी येतेच. 🙂

सवानी पठारावर आहे आणि मुख्य लाइन खाली काउअन गावातून जाते. तिथून वर चढणाऱ्या फाट्याला लोक ‘माउंटन गोट’ म्हणायचे, कारण चढ भयंकर. मुळात हा फाटा ट्रेसी सिटीच्या कोळशासाठी घातलेला, विद्यार्थी आणि बिशप हे वरकड. म्हणजे हा संघ निघाला तो आधी कोळशाच्या वाटेने डोंगर उतरून. मगच खरा प्रवास.

आता तुमच्या तारखांवर रेल्वेच्या अंगाने बघा. ऑस्टिन-ह्यूस्टन फार नाही, रात्रीत सहज. ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स मात्र सुमारे साडेपाचशे किलोमीटर, आणि शुक्रवारचा सामना संपवून शनिवारी दुपारी मैदानात हजर. हीच फेरीतली खरी अवघड रात्र. न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज किरकोळ, शिवाय मध्ये रविवार. मग सोमवारी संध्याकाळी परत गाडीत आणि सकाळ उजाडता मेम्फिसच्या वाटेवर, तेही सहाएकशे किलोमीटर. गाडी चार तास रखडली असती तर सामना रद्द, आणि सामना रद्द म्हणजे तिकिटांचा वाटा बुडाला. त्या मॅनेजर पोराने वेळापत्रक पालथं घातलं असणार.

स्लीपरचा स्वतंत्र डबा होता, म्हणजे गाडी बदलताना माणसांना उतरायला नको, डबाच एका गाडीला सोडवून दुसरीला जोडायचा. पण झोप? वाफेच्या इंजिनामागे, लाकडी डब्यात, कोळशाची धूळ, दर जंक्शनला शंटिंगचे धक्के. अंग ठेचलेल्या माणसाला त्या बर्थवर कूस बदलणं म्हणजे काय असेल!

गोदाकाठ

@रूळावरची ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या लायकीचा आहे.

अस्थिपंजर

हाडांचा डॉक्टर आहे, त्यामुळे या संघाला ‘लोहपुरुष’ वगैरे म्हटलं की मला आधी एक्स-रे दिसतात.

मार लागल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी स्नायू सर्वांत जास्त आखडतात. म्हणजे ऑस्टिनचा मार न्यू ऑर्लिन्सला दुखत होता आणि तेव्हा ते त्यावर नवा मार खात होते. डोक्याला खोक पडलेला कप्तान खेळत राहिला हे कौतुकाने सांगितलं जातं. आज कुठलाही डॉक्टर त्याला लगेच बाहेर काढेल आणि पुढचे सामने तर विसराच.

सिमकिन्सचं पुढे काय झालं तेही लिहायला हवं. नंतरच्या आयुष्यात त्याचे दोन्ही पाय कापावे लागले आणि १९२१ मध्ये तो गेला. ते फुटबॉलमधल्या दुखापतींमुळेच, असं सांगितलं जातं. इतक्या वर्षांनी, कागद न बघता, मी कारण छातीठोकपणे सांगणार नाही. पण गुडघ्यांवर वर्षानुवर्षं असा मार घेतलेल्या माणसाच्या पायांत नंतर काहीच होत नाही, असंही नसतं.

आणि हे त्या काळी कोणाला कळत नव्हतं असं म्हणू नका. दोनच वर्षं आधी, १८९७ मध्ये, अटलांटात व्हर्जिनियाविरुद्ध खेळताना जॉर्जियाचा फॉन गॅमन हा पोरगा डोक्याला मार लागून मेला. जॉर्जियाच्या विधिमंडळाने फुटबॉलवर बंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. त्याच्या आईनेच विनंती केली की माझ्या मुलाच्या आवडत्या खेळावर बंदी घालू नका, आणि गव्हर्नरने विधेयक नाकारलं. ते झालं नसतं तर सवानीचा जॉर्जियाविरुद्धचा सामना, जो अटलांटातच झाला, कायद्याने शक्यच नव्हता. पुढे १९०५ मध्ये खेळातल्या मारामारीवरून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना कॉलेजांना बोलावून घ्यावं लागलं, आणि त्या हंगामात मृत्यूही बरेच झाले. पुढे पास टाकायची मुभा त्यातूनच आली, घोळक्यातली चेंगराचेंगरी कमी व्हावी म्हणून.

वऱ्हाडी ठेचा

डॉक्टरसाहेब, आमच्या हसण्यावर पाणी टाकलं तुम्ही. पन बरोबर हाय.

रानजाई

संघाच्या जुन्या फोटोबद्दल कोणी लिहिलं नाही. त्यात खेळाडूंबरोबर कॅल बरोज नावाचा कृष्णवर्णीय माणूस आहे. हा संघाचा ट्रेनर. पाचही गावांत खेळाडूंची अंगं रगडणं, जखमा बांधणं, पुढच्या दुपारपर्यंत त्यांना उभं करणं हे काम त्याचं. आत्ताच डॉक्टरांनी जे लिहिलं ते रोज रात्री डब्यात निस्तरणारा माणूस. त्याला त्या संघातून खेळायची सोय नव्हती, त्या कॉलेजात शिकायचीही नव्हती. कॉलेज गुलामांच्या मालकांच्या पैशावर उभं राहिलं आणि संस्थापकांतला एक बिशप, लिओनिडस पोक, दक्षिणेच्या सैन्यात जनरल होता. मोहिमेच्या गोष्टीत बूट आणि पाण्याची पिंपं येतात, बरोज येत नाही.

साधारण त्याच काळात आपल्याकडे पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळू गोलंदाजी करत होते. मैदानात चेंडू त्यांच्या हातात चालायचा, पण चहा मिळायचा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

तिरकस

रानजाईंशी सहमत. फरक इतकाच की बाळूंना निदान चेंडू मिळाला, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेऊन तो सार्थ केला. बरोजच्या नावावर कुठला आकडाच लागत नाही.

डोंगरमाथा

@रानजाई, फार महत्त्वाचा मुद्दा.

ल्यूक लीबद्दल दोघातिघांनी खासगी निरोप धाडून विचारलं, म्हणून इथेच लिहितो. हा माणूस म्हणजे वेगळाच नमुना. पुढे नॅशव्हिलमध्ये ‘टेनेसियन’ हे वर्तमानपत्र काढलं. १९११ मध्ये अमेरिकेच्या सिनेटवर गेला, वय वर्षं एकतीस. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा कर्नल. युद्ध संपल्यावर, जानेवारी १९१९ मध्ये, टेनेसीचेच काही अधिकारी आणि जवान घेऊन, मोटारीने हॉलंडमध्ये घुसला. कशाला? तिथे आमेरोंगेनच्या वाड्यात आश्रयाला असलेल्या जर्मनीच्या कैसरला उचलून आणायला! वाड्याच्या दिवाणखान्यापर्यंत पोचले, कैसर काही भेटला नाही, बाहेर डच सैनिक जमले. परत आले ते कैसरची अ‍ॅशट्रे घेऊन. एकाने निघताना खिशात घातली होती. सैन्याने चौकशी केली आणि लीला समज देऊन सोडलं.

शेवट मात्र वाईट. १९३० च्या दशकात एका बँकेच्या प्रकरणात नॉर्थ कॅरोलायनात तुरुंगात गेला. नंतर माफी मिळाली.

मला हे सगळं एकाच स्वभावाचं वाटतं. वेळापत्रक काढायचं, माणसं गोळा करायची आणि ‘हे जमणारच नाही’ असं कोणी म्हणायच्या आत गाडीत बसायचं. १८९९ ला ते जमलं, १९१९ ला अर्धं, बँकेत अजिबात नाही.

गोदाकाठ

अ‍ॅशट्रे!! 😂
पण मग हा संघ आज कुठे आहे? एवढे दादा होते तर कधी ऐकलं कसं नाही?

टेनेसीकर

@गोदाकाठ, साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे आज अलाबामा-जॉर्जिया-एलएसयू ज्यात आहेत ती, १९३२ मध्ये स्थापन झाली तेव्हाच्या तेरा संस्थापकांत सवानी होती. १९४० नंतर बाहेर पडली. मधल्या काळात कॉन्फरन्समधले ३७ सामने खेळली आणि सगळे हरली. एकही जिंकला नाही.

मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे पैसा, प्रेक्षक, खेळाडूंना शिष्यवृत्त्या. सवानीत सगळे मिळून काहीशे विद्यार्थी. कॉलेजाने ठरवलं की खेळण्यासाठी पैसे देऊन पोरं आणायची नाहीत, आणि ते अजून पाळतात. आता तिसऱ्या श्रेणीत खेळतात, खेळासाठी शिष्यवृत्ती नाही.

तिरकस

हा निर्णय मात्र मला बारा विजयांपेक्षा जास्त आवडला. लिहून ठेवा, तिरकसने कौतुक केलं.

पठारावरची पाहुणी

नॅशव्हिलला राहते. सवानी इथून दीड तास. माँटइगलचा घाट चढलं की बऱ्याचदा एकदम धुकं लागतं, दिवे लावूनही पुढची गाडी दिसत नाही, त्यामुळे कोणी जाणार असेल तर सकाळी फार लवकर निघू नका.

वर गेलं की दगडी इमारती, चॅपलचा मनोरा, आणि अभ्यासात वरचे असलेले विद्यार्थी वर्गात काळा झगा घालून बसतात, ती प्रथा अजून आहे. माझ्या भाच्याला आधी वाटलं कुठला तरी समारंभ आहे. कॉलेजाच्या हद्दीतून बाहेर पडताना वेशीपाशी गाडीच्या टपाला आतून हात लावायचा, म्हणजे तिथला देवदूत तुमच्या सोबत येतो, अशी समजूत आहे. आमच्या गाडीतले नास्तिकसुद्धा हात वर करून बसले होते.

मैदान तेच आहे जिथे १८९१ पासून खेळतात. दक्षिणेतलं सर्वांत जुनं म्हणतात. भव्य स्टेडियम वगैरे काही नाही, एका बाजूला बसायच्या पायऱ्या आणि पलीकडे झाडं.

रूळावरची

@पठारावरची पाहुणी, त्या कोळशाच्या फाट्याचं काही उरलंय का हो? रूळ, पूल, काहीही?

पठारावरची पाहुणी

रूळ काढलेत. त्या जागेवर आता चालायची-सायकलची वाट केली आहे, नाव तेच ठेवलंय, माउंटन गोट. सपाट आहे, लहान मुलं घेऊन जाता येतं. खाली काउअनला जुनं स्टेशन संग्रहालय म्हणून ठेवलंय, तुम्हाला तिथेच जास्त वेळ लागेल. ऑक्टोबरातला शनिवार धरा, घरचा सामना आहे का ते आधी बघून घ्या, आणि एखादं जाकीट जवळ ठेवा, वर नॅशव्हिलपेक्षा बरंच गार असतं.